पिवळा चिमटा

सोमवार, ४ फेब्रुवारी

दूध, ब्रेड, अर्धा किलो कांदे, देवापुढच्या दिव्याचं तेल. व्हिनेगरची बाटली परवाच आणलेली, आज रिकामी. कोणी प्यायलं, असं विचारलं तर हे म्हणाले, "मोटारीने."

यांना रिटायर होऊन महिना झाला. सुरुवातीला यांनी मला स्वयंपाक शिकवला. कांदा कसा चिरावा, गॅस किती ठेवावा. मग मीच म्हटलं, माळ्यावर तुमचं जुनं सामान पडलंय, ते बघा, टाकायचं ते टाका. हे वर चढले आणि टाकायचं काहीच न आणता एक खोकं छातीशी धरून उतरले. खोक्यात यांची लहानपणची रिमोटवर चालणारी मोटारगाडी. पूर्वी लाल होती म्हणे. टायरला हात लावला तर भिजलेल्या बिस्किटासारखे तुकडे हातात आले. बॅटरीच्या कप्प्यात हिरवंपांढरं काहीतरी फुललेलं. ते व्हिनेगरने निघतं. घासायचा टूथब्रशही माझाच.

देवापुढे हात जोडून म्हटलं, दुसऱ्यांचे नवरे बाटली घेऊन बसतात, माझा व्हिनेगरची घेऊन बसलाय. तुझी कृपा.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

दुधाच्या पातेल्यात चाकं उकळत होती. पांढरी चाकं पिवळी पडलीत, म्हणून काळ्या रंगात उकळून काढायची. मी म्हटलं, "त्यातच चहा टाकते, गॅस तरी वाचेल." हे गंभीरपणे म्हणाले, "नको, बिघडेल." चहा की चाकं, ते बोलले नाहीत.

गाडीचं वरचं कवच तडकलेलं. त्याला आतून मच्छरदाणीचा तुकडा आणि चपलेचा गोंद. तुकडा मीच दिला, फाटकाच होता. फाटकं कधी टाकू नये ते यासाठी.

आज दोरीवर कपडे घालताना जाऊबाईंनी बातमी दिली. लिहून ठेवते. आमचं घर एकच होतं. सासऱ्यांच्या माघारी हॉलच्या मधोमध भिंत घातली. अलीकडे आम्ही, पलीकडे भावोजी, म्हणजे यांचे थोरले भाऊ, आणि जाऊबाई. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कारण गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करायची पाळी. ती कोणाची होती हे दोघांनाही पक्कं माहीत आहे, फक्त उत्तरं वेगळी आहेत. मागचं अंगण आणि कपड्यांची दोरी मात्र अजून एकच. नवऱ्यांचा अबोला बायकांनी मोडू नये, म्हणून आम्ही दोघी कपड्यांशी बोलतो. मी उशीच्या अभ्र्याकडे बघून बोलते, त्या टॉवेलकडे बघून. अशी बरीच वर्षं छान चालली आहेत.

तर आज त्या टॉवेलला म्हणाल्या, "लेकीकडे जातोय. कायमचे. पुढच्या महिन्यात ट्रक येईल."

मी अभ्रा पुन्हा पुन्हा झटकत राहिले. इतका की शिवण उसवली.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊ दे. टाकीचा प्रश्न सुटला." आणि एकच चाक पुसत बसले. जेवायला बोलावलं तरी तेच चाक. असा भाऊ एक शब्द न बोलता निघून जाणार, आणि हा माणूस चाक पुसतोय. माझ्या जावेचा विचार कोणी करायचा?

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज जे झालं ते देवालाच माहीत, आणि त्यानेच केलं असावं.

हे स्क्रू आणायला गेले होते. गाडी, रविवारीच चालू झालेली, हॉलमध्ये वर्तमानपत्रावर, आत सेल घातलेले. रिमोट कपाटावर, बंद. मी जपाला बसले होते. घुर्र असा आवाज आला. गाडी आपणहून निघाली. चपलांच्या खणाला धडकली, मागे आली, वळली आणि थेट देवाच्या कोपऱ्यात येऊन दिव्यापासून वीतभर अंतरावर थांबली. वरची एरियलची तार थरथरत होती.

मी म्हटलं, "कोण आहे?"

गाडी थोडी मागे सरकली.

मी म्हटलं, "सासरेबुवा?"

गाडी गोल फिरली आणि सोफ्याखाली गेली. सासरेबुवांनाही प्रश्न विचारलेले आवडत नसत.

हे आल्यावर सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. यांनी गाडी सोफ्याखालून काढली, हॉलमधल्या भिंतीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे अजून पिवळंच आहे."

"काय पिवळं आहे?"

"काही नाही. चहा टाक."

चहा पिताना बशीतल्या बशीत हसत होते. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा.

बुधवार, १३ फेब्रुवारी

धोका नको, म्हणून गाडीवर देवाचं तीर्थ शिंपडलं. आता ती फक्त डावीकडेच वळते. हे ओरडले नाहीत, म्हणून मी जास्त घाबरले. आतली मोटर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली आहे. उद्या भात नाही, बटाटेच.

रविवार, १७ फेब्रुवारी

जाऊबाई दोरीपाशी माझी वाट बघत होत्या. टॉवेल हातात, पण दोरीवर घालेनात.

"तुझ्या ओळखीचं कोणी जाणतं आहे का गं? आमच्या घरात काहीतरी फिरतंय."

"काय फिरतंय?"

"यांची जुनी खेळण्यातली गाडी. निळी. तुमच्याकडून घुर्र ऐकू आलं, तेव्हापासून यांनीही माळ्यावरून काढलीय, तुला म्हणून सांगते. दुरुस्त झाली, आणि आता हे नसतानाही चालते. काल माझ्या पायावरून गेली. मीच माफी मागितली तिची."

"काल किती वाजता?"

"जेवणं झाल्यावर."

काल जेवणं झाल्यावर हे रिमोट घेऊन तक्रार करत होते, की आपली गाडी तांदळात आहे म्हणून हात शिवशिवतायत. बटणं मात्र दाबत होते. मी अभ्र्याकडे बघितलं, त्यांनी टॉवेलकडे. मग दोघी तोंडावर पदर दाबून इतक्या हसलो की कपडे खाली पडले. पुन्हा धुवावे लागले, साबण वाया.

संध्याकाळी यांना समोर बसवलं. खरं निघालं ते असं. रिमोटमध्ये आणि गाडीत एकेक क्रिस्टल असतं, नखाएवढी पत्र्याची डबी. त्यावर रंगाची पट्टी. दोन्हीचा रंग जुळला की गाडी ऐकते. सासऱ्यांनी दोन मुलांना दोन गाड्या एकदम घेतल्या, आणि दुकानदाराने दोन्हींत पिवळंच क्रिस्टल दिलं. एकाने बटण दाबलं की दोन्ही गाड्या पळत. दोघांनी दाबलं की दोन्ही गाड्यांना फेफरं.

"बदलून का नाही आणल्या?"

"बाबा म्हणाले, बदलायला गेलो तर दुकानदार आणखी काहीतरी विकेल."

सासरे शहाणे होते.

त्यावर सासऱ्यांनी तोडगा काढला. कपड्यांचा एक चिमटा पिवळा रंगवला. ज्याच्या कॉलरला चिमटा, त्याचा डाव. दुसऱ्याने रिमोट बंद करून तार आत घालायची आणि गुपचूप उभं राहायचं. डाव संपला की चिमटा हातात द्यायचा, फेकायचा नाही.

"मग आता चिमटा कुठाय?"

"त्याच्याकडे. त्याने परत दिलाच नाही."

"कधीपासून?"

"मी सातवीत होतो."

मी पाण्याचा घोट घेतला. म्हटलं, "आणि टाकी?"

"टाकी नंतरची गोष्ट."

गुरुवार, २१ फेब्रुवारी

घरात युद्ध चालू आहे. गाडी तांदळातून बरी होऊन निघाली. आता भावोजींना कळलंय की यांना कळलंय. हे इकडून भिंतीला कान लावून बटण दाबतात. पलीकडे काहीतरी आपटतं. मग इकडची गाडी कपाटावर जाऊन आदळते. हे तिला उचलून धरतात, चाकं हवेत फिरत राहतात, आणि हे भिंतीला म्हणतात, "बघतो तुला."

दोघे मिळून सव्वाशे वर्षांचे आहेत.

सेल चार गेले. देवाची क्षमा मागितली, का ते ठरवलं नाही.

रविवार, २४ फेब्रुवारी

जाऊबाईंनी काल चिमटा आणून दिला, ओल्या परकरात गुंडाळून. भावोजींच्या टायच्या खोक्यात होता. रंग बराच उडालाय, पण पिवळा म्हणता येतो. आमचं दोघींचं ठरलं, सासरे नाहीत तर चिमटा आपण सांभाळायचा.

आज दोघांना अंगणात काढलं. दोरीवर मोठी चादर घातली, म्हणजे तोंडं दिसायला नकोत. चादरीच्या अलीकडे हे, पलीकडे भावोजी. चादरीखालून चौघांच्या चपला दिसत होत्या.

भावोजी म्हणाले, "त्याला सांग, पाच मिनिटं झाली."

जाऊबाई मला म्हणाल्या, "पाच मिनिटं झाली म्हणतात."

मी यांना म्हटलं, "पाच मिनिटं झाली म्हणतात."

"ऐकू आलं मला. त्याला सांग, त्याचं घड्याळ बाबा होते तेव्हापासून पुढे आहे."

"घड्याळ पुढे आहे म्हणतात."

"पुढे असू दे. निदान चालतंय. त्याला सांग, वळताना त्याची मागची चाकं अजून फरफटतात. तेव्हाही फरफटायची. बटणावर जोर देतो, हात हलका ठेवत नाही."

यांनी चादरीकडे बघितलं. मग पुढच्या फेरीत हात हलका ठेवून वळवली. छान वळली. पलीकडे भावोजींची चप्पल दोनदा जमिनीवर आपटली. ती शाबासकी होती, असं जाऊबाई नंतर म्हणाल्या. मला तर झुरळ मारल्यासारखं वाटलं.

चिमटा चादरीखालून अकरा वेळा इकडून तिकडे गेला. माझी कंबर धरली आहे.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

रोज तेच. चादर स्वच्छ असते तरी धुवावी लागते, नाहीतर दोरीवर घालायला कारण नाही.

मी विचार केला. सगळं भांडण एका नखाएवढ्या डबीमुळे. सासऱ्यांनी तेव्हा चार पैसे वाचवले, आणि ते चांगलंच केलं, पण आता ट्रक यायचा आहे. भाऊ-भाऊ गोडीने वेगळे व्हावेत, यात काही गैर नाही. घड्याळजीकडे जुन्या रेडिओचे सुटे भाग मिळतात. त्याच्याकडे हिरव्या पट्टीची जोडी निघाली. घासाघीस केली. तो म्हणाला, "बाई, हे आता कोणी घेत नाही." म्हटलं, "मग कमी करा." त्याने केले.

हे अंघोळीला गेले तेव्हा यांच्या गाडीतलं आणि रिमोटमधलं क्रिस्टल बदललं. जुनी पिवळी जोडी बटणांच्या डबीत. आता ज्याची गाडी त्याची. कोणाला कोणासाठी थांबायला नको.

रविवार, ३ मार्च

यश आलं. दोन्ही गाड्या एकदम चालल्या. पहिल्यांदा दोघांचाही विश्वास बसेना. मी चादरीच्या टोकाला उभी राहून सगळं समजावून सांगितलं, हिरवं, पिवळं, घड्याळजी. भावोजी म्हणाले, "अरे वा." हे म्हणाले, "अरे वा." एवढ्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

मग यांनी आपली गाडी कुंडीभोवती फिरवली. भावोजींनी त्यांची नळाकडे नेली. थोड्या वेळाने भावोजी आत गेले. हेही आत आले. चिमटा कोणी मागितला नाही, म्हणून मी तो दोरीवर मोज्याला लावला.

बुधवार, ६ मार्च

भांडण नाही, आवाज नाही. हे सकाळी अंगणात जातात, भावोजी दुपारी. आपापल्या सोयीने. भिंतीला कोणी कान लावत नाही. हे पुन्हा मला कांदा चिरायला शिकवू लागलेत.

जाऊबाईंना म्हटलं, "बघा, मिटलं की नाही?"

"मिटलं खरं," त्या टॉवेलला म्हणाल्या, आणि पिळून झालेली चादर पुन्हा पिळायला घेतली. एक थेंब निघत नव्हता.

"तुमचं सामान बांधून झालं?"

"झालं. शनिवारी ट्रक."

मी चांगलंच केलं आहे. रात्री देवालाही तसंच सांगितलं, जरा जोरात.

शनिवार, ९ मार्च

आज खूप झालं. पण क्रमाने लिहिते.

सकाळी ट्रक आला. भावोजींचं सगळं सामान रस्त्यावर, हमाल उभे. भावोजींनी निळी गाडी शेवटची फिरवून बघावी म्हणून रिमोट चालू केला. आमच्या हॉलमधून यांची गाडी सुसाट निघाली, दारातून बाहेर, पायरीवरून खाली, आणि हमालाच्या पायात. हमाल खुर्चीसकट बसला. चूक खुर्चीची नाही, ती सरळच होती.

मी गाडी उलटी करून बघितली. पिवळं. बटणांच्या डबीत जाऊन बघितलं, तर तिथे हिरवी जोडी.

"अहो, हे कोणी केलं?"

"सैल झालं असेल."

"सैल झालेलं हिरवं पिवळं कसं होईल?"

"जुन्या गाड्या असतात त्या," हे म्हणाले आणि माझ्याकडे न बघता रिमोट घेऊन बाहेर गेले. तार पूर्ण बाहेर काढली. रस्त्याच्या मधोमध उभे राहून बटण दाबलं. निळी गाडी सामान चढवायच्या फळीवरून मागे मागे येऊ लागली.

भावोजी ओरडले, "डाव माझा आहे."

मध्ये चादर नव्हती. मी नव्हते, जाऊबाई नव्हत्या. सरळ तोंडावर.

"कसा तुझा? मी सातवीत असल्यापासून तुझाच चालू आहे. दादा, तू चोर आहेस."

यांच्या तोंडून 'दादा' निघालं, पण चोर म्हणताना. तरी जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला.

मग जे सुरू झालं ते काय लिहू. सातवी निघाली. त्यावरून सायकल निघाली. टाकी निघाली, भिंत निघाली, सासऱ्यांच्या आजारपणात औषध आणायला कोण गेलं ते निघालं. भावोजी म्हणाले, "परत द्यायला आलो होतो चिमटा. तू दार लावून घेतलंस." हे म्हणाले, "मला ताप होता." भावोजी म्हणाले, "मग सांगायचं ना, ताप आहे." हे म्हणाले, "तू विचारायचं." हमालांनी सोफा रस्त्यावर ठेवला आणि त्यावर बसून ऐकलं. एकाने दोन्ही बाजू बरोबर आहेत असं मत दिलं. त्याला दोघांनी मिळून गप्प केलं.

इतक्या वर्षांची शांतता, आणि शेवटच्या दिवशी असा तमाशा. मला लाज वाटली. आम्ही दोघींनी सगळ्यांना चहा केला, साखर त्यांच्या डब्यातली, नाहीतरी बांधायची राहिली होती.

शेवटी असं ठरलं, की हिशोबाने आजचा डाव भावोजींचाच होतो. चिमटा मोज्यावरून काढून यांनी हातात दिला, फेकला नाही. भावोजींनी कॉलरला लावला आणि तसेच ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले.

जाऊबाई चढताना थांबल्या. आजूबाजूला टॉवेल नव्हता. माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मला आठवत नाही, मी त्यांचा चेहराच बघत होते. हनुवटीवर तीळ आहे त्यांच्या.

बुधवार, २० मार्च

दोरी आता सगळी आमची. कपडे लांब लांब घातले तरी अर्धी रिकामी राहते.

गाडी कपाटावर. हे रोज पुसतात, पण चालवत नाहीत. मी म्हटलं, "ते आता बसने दिवसभराच्या अंतरावर आहेत. तुमचा रिमोट गल्लीच्या टोकापर्यंत पोचत नाही. चालवा की खुशाल."

"डाव त्याचा आहे."

"दोरीवर डझनभर चिमटे आहेत. एक रंगवून देते."

यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी देवाच्या दिव्यात रॉकेल घालायचं म्हणाले असावे.

गुरुवार, २८ मार्च

काल पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला. दाबून बघत होता. "सही करा. यात काय आहे?"

"चिमटा," हे म्हणाले आणि सही केली.

पाकिटात चिमटाच होता. कागद नाही, चिठ्ठी नाही. यांनी तो कॉलरला लावला, अंगणात गेले आणि संध्याकाळपर्यंत गाडी फिरवली. हात हलका ठेवून. मग हातपाय धुतले, चिमटा पाकिटात घातला, आणि आज रजिस्टरने परत.

मी म्हटलं, "फोन करून डाव सांगता येत नाही का?"

"हातात द्यायचा असतो."

"पोस्टाच्या खिडकीत देता, ते काय मग?"

यांनी पावती माझ्यापुढे सरकवली. रजिस्टरचा खर्च कोणत्या सदरात लिहावा कळेना. 'किरकोळ' मध्ये लिहिला.

गुरुवार, ११ एप्रिल

चिमटा चौथ्यांदा आला. पोस्टमन आता पाकीट दाबत नाही. "आज तुमचा डाव का?" म्हणतो.

या वेळी पाकिटात चिमट्याला एक छोटा रुमाल अडकवलेला होता. बायकांचा, कडेला निळा दोरा. हे म्हणाले, "हे काय, चुकून आलं वाटतं." मी तो हातात घेतला. रुमाल धुतला, दोरीवर माझ्या अभ्र्याशेजारी घातला, आणि वाळला तरी काढला नाही.

संध्याकाळी वही घेऊन बसले. यांना म्हटलं, "हे रजिस्टर परवडत नाही. जाणं-येणं धरून एका महिन्याचं टपाल किती होतं बघा. त्यापेक्षा चिमटा बसने नेऊन दिलेला स्वस्त."

"एकट्याने?"

"गाडी तुम्ही धराल. मग चिमटा कोण धरणार?"

हे वहीतल्या आकड्यांवर बोट फिरवत राहिले. आकडेमोडीत यांना कधी गती नव्हती. मग उठले आणि कपाटावरून खोकं काढलं.

हिशोब मी दोनदा केला. पहिल्यांदा टपाल खूपच स्वस्त पडत होतं. देवाचं नाव घेऊन पुन्हा केला, तेव्हा बरोबर जमला. रविवारची दोन तिकिटं, खिडकीची.